कुणाकुणाच्या हृदयातून आलेला फुगा

आमच्या दुकानात काम दादाचं, कसब वहिनीचं आणि तोंड माझं, अशी सरळ वाटणी होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो मागच्या खोलीत करवत घेऊन फ्रेमच्या लाकडी पट्ट्या कापायचा, पुठ्ठे बसवायचा, बारीक खिळे, म्हणजे चुका, ठोकायचा. दिवसभरात त्याच्या तोंडून निघालेले शब्द एका पोस्टकार्डावर मावले असते आणि खुशाली विचारायला जागा उरली असती. मी पुढे बसून गिऱ्हाइकांशी बोलायचो. आणि मधल्या मोठ्या टेबलावर, जुनं ब्लँकेट अंथरून, वहिनी काच कापायची.

तिच्या वडिलांचाही हाच धंदा. लग्न होऊन घरात आली तेव्हा सामानातून तिनं सगळ्यात आधी काढली ती वडिलांची हिरकणी, म्हणजे लाकडी मुठीच्या टोकाला बसवलेला काच कापायचा बारीक हिरा. तोवर आमच्याकडे काच मीच कापायचो, आणि खरं सांगायचं तर कापायचो कमी, फोडायचो जास्त. आठवडाभर तिनं ते निमूट पाहिलं. मग माझ्या हातातली काच काढून घेतली ती कायमची. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही बोलता छान. तेवढंच करा."

मला राग आला, कारण राग येणं ही माझी जन्माची खोड. पण तिनं पहिली रेघ ओढली आणि माझी बोलतीच बंद झाली. काचेवर रेघ एकदाच ओढायची असते. तीच रेघ दुसऱ्यांदा गिरवली की काच हमखास दगा देते. म्हणून वहिनी आधी मापाची पट्टी ठेवायची, हिरकणीचं टोक रॉकेलमध्ये बुडवायची, आणि श्वास रोखायची. रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ती श्वास घ्यायची नाही, आणि दुकानात कुणी चकार शब्द काढायचा नाही. मीसुद्धा नाही. मग काच टेबलाच्या कडेला आणून ती दोन्ही हातांनी दाबायची. टच्च आवाज व्हायचा आणि काच सांगितल्या जागी दुभंगायची. त्यावर वहिनी "हुश्श" करून मोठा श्वास सोडायची, दोन-चार वेळा छाती वरखाली व्हायची, आणि गिऱ्हाइकंही हसत तिच्याबरोबर श्वास सोडायची.

त्या श्वासानंच आम्हाला फसवलं. वर्षं गेली तसा तो रेघेनंतरचा श्वास लांबत गेला. आधी दोन-चार दम, मग सात-आठ, मग टेबलाला हात टेकून उभं राहणं. आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही. काच कापणारं माणूस रेघेनंतर धापा टाकणारच, हे आमच्या दुकानात सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं होतं. दुसऱ्या कुठल्याही घरात, भाकरी थापताना किंवा कपडे वाळत घालताना ती अशी धापली असती, तर कुणीतरी विचारलं असतं. आमच्याकडे ते कसबाचं लक्षण समजलं जायचं. मी तर नव्या गिऱ्हाइकांना कौतुकानं दाखवायचो, "बघा, केवढा जीव ओतते कामात!"

लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता. दोघांनी आशा जवळजवळ सोडलीच होती. आणि मग वहिनीला दिवस राहिले. दादानं ही बातमी मला चार शब्दांत सांगितली आणि मागच्या खोलीत जाऊन इतक्या जोरात चुका ठोकल्या की एका चांगल्या पट्टीचे दोन तुकडे झाले. वहिनीचं दमणं वाढलं, पण आता त्याला आणखी एक चांगलं कारण मिळालं होतं. शेजारपाजारच्या बायका म्हणाल्या, पोटुशी बाई दमायचीच. तिला आडवं झोपवेना, उशांवर उशा रचून ती बसल्या बसल्या डोळा लावायची. दादानं काय करावं? पट्ट्या जोडून पलंगासाठी छान तिरकी पाठ बनवली, घासून गुळगुळीत केली, कडेला नक्षीसुद्धा काढली. बायकोला बसून झोपावं का लागतं, हे मात्र त्यानं विचारलं नाही. मीही नाही. तीही म्हणायची, बरं वाटतंय.

एका न्हाव्यानं नव्या दुकानासाठी मोठा आरसा सांगितला होता. आरसा महागाचा, त्यामुळे मी स्वतः शटर अर्धं ओढून रस्त्याचा आवाज कमी केला. वहिनीनं पट्टी लावली. हिरकणी टेकवली. उचलली. पुन्हा टेकवली, पुन्हा उचलली. मी टेबलासमोरच उभा होतो, आणि मला दिसलं की ती धापा टाकत होती. अजून रेघ ओढायची होती, आणि तिचा दम आधीच संपला होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "आज... रेघ... वाकडी जाईल." एवढ्या वाक्याला तिला तीनदा थांबावं लागलं. ओठ निळसर झाले होते. मग खोकल्याची उबळ आली आणि तिनं तोंडाला लावलेल्या रुमालावर गुलाबी फेस दिसला. काम श्वास खात नव्हतं, श्वासच तिला पुरत नव्हता, आणि इतकी वर्षं काम त्यावर पांघरूण घालत आलं होतं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि चिठ्ठी लिहिली. त्यांनी आम्हाला मोठ्या सरकारी इस्पितळात धाडलं. तिथं वहिनीला ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली, फुप्फुसात साचलेलं पाणी उतरवलं. संध्याकाळी एक तरुण डॉक्टर आला, कागद चाळले आणि दादाला खाटेपासून दोन पावलं बाजूला घेऊन म्हणाला, "हृदयाची झडप फार आवळली आहे. यांना हे बाळंतपण झेपणार नाही. पोट रिकामं करा, आईला वाचवायचं असेल तर." बोलला आणि पुढच्या खाटेकडे गेला. त्याचाही दोष नव्हता, वॉर्डात खाटेखालीसुद्धा माणसं होती. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्या मागे धावणार, एवढ्यात वहिनीनं माझा शर्ट पकडला.

"ओरडू नका," ती म्हणाली. "मोठ्या डॉक्टरला विचारू."

मोठे डॉक्टर म्हणजे एक ठेंगण्या, पिकल्या केसांच्या बाई निघाल्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, पायात कापडी बूट, आणि बोलणं असं की जणू त्यांना कसली घाईच नाही. त्यांनी वहिनीला अंधाऱ्या खोलीत नेलं, आम्हा दोघांनाही आत घेतलं, आणि तिच्या छातीवर थंड लोशन लावून यंत्राचं टोक फिरवलं. पडद्यावर राखाडी ढग हलू लागले. त्या ढगांत काहीतरी उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं.

"हे हृदय," बाई म्हणाल्या.

मी आजवर हजारो फोटोंना फ्रेमा घातल्या. लग्नं, बारशी, गेलेली माणसं. पण जिवंत माणसाच्या आत डोकावून, तिथं चाललेली ती न थांबणारी हालचाल बघण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आम्ही भांडत होतो, हिशोब करत होतो, झोपत होतो, आणि हे सगळा वेळ चालू होतं! दादानं टोपी काढून हातात घेतली.

बाईंनी बोट ठेवून दाखवलं. रक्त एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला एक दार, त्याला दोन पातळ पडदे. ते सताड उघडायला हवेत. वहिनीचे पडदे कडांनी एकमेकांना चिकटले होते आणि मधे शर्टाच्या काजाएवढी फट उरली होती. सगळ्या अंगाचं रक्त त्या काजातून जात होतं. त्यात आता पोटातल्या बाळासाठी रक्त वाढलेलं, आणि दार तेवढंच.

"लहानपणी घसा दुखून मग सांधे सुजले होते?" बाईंनी विचारलं.

"गुडघे," वहिनी म्हणाली. "मग मनगटं. महिनाभर शाळा बुडाली. घशाचं बाबा म्हणाले, काचेची पूड गेली असेल."

बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, घशात जंतू शिरतात, शरीर त्यांच्याशी लढतं, आणि त्या लढाईच्या भरात आपल्याच हृदयाच्या झडपेवर घाव घालतं. घसा आठवड्यात बरा होतो, गुडघेही उतरतात. झडप मात्र वर्षानुवर्षं गुपचूप घट्ट होत जाते. तेव्हा साधं पेनिसिलिन मिळालं असतं तर हे टळलं असतं. "श्रीमंत देशांत हा आजार आता पुस्तकात शिकवतात," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे रोज ओपीडीत शिकवतो."

मग त्यांनी आम्हाला आपल्या खोलीत बसवलं आणि कपाटाच्या खणातून दोन वस्तू काढून वहिनीच्या तळहातावर ठेवल्या. एक होती कृत्रिम झडप, काळीभोर, दोन अर्धगोल पाती असलेली. बोट लावलं की पाती खट्कन मिटायची.

"हिला झीज नाही," बाई म्हणाल्या. "जन्मभर टिकते."

"मग हीच बसवा की!" मी म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"हिच्यावर रक्ताची गाठ धरू नये म्हणून जन्मभर रक्त पातळ करायच्या गोळ्या. रक्त नेमकं किती पातळ झालंय ते पुन्हा पुन्हा येऊन तपासायचं. कमी पडलं तर गाठ, जास्त झालं तर रक्तस्राव. त्या गोळ्या पोटातल्या बाळाला बाधतात. आणि साधी जखमसुद्धा वाहत राहते." बोलता बोलता त्यांचं लक्ष वहिनीच्या बोटांकडे गेलं. तिच्या दहाही बोटांवर बारीक पांढऱ्या रेघा होत्या, काही जुन्या, एक-दोन ताज्या. "काय काम करता?"

"काच कापते."

बाईंनी ती झडप उचलली आणि परत खणात ठेवली.

दुसरी वस्तू जनावराच्या पेशींपासून बनवलेली होती, कापडी कड्यात बसवलेली, चामड्यासारखी मऊ. तिला त्या गोळ्या जन्मभर लागत नाहीत. पण तरुण माणसात ती लवकर झिजते आणि काही वर्षांनी पुन्हा छाती उघडावी लागते. आणि कुठलीही झडप बसवायची म्हणजे हृदय थांबवून रक्त यंत्रातून फिरवावं लागतं. "आई यंत्रावर तगते," बाई म्हणाल्या, आणि मग हलकेच, "बाळ बऱ्याचदा तगत नाही." नुसत्या गोळ्या आणि विश्रांतीवर पुढचे महिने निघतील का, याची त्यांनी हमी दिली नाही.

दादा खाली बघून म्हणाला, "हिला वाचवा. बाकी काही नको."

वहिनीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो खुर्चीत मागे सरकला. "तुम्ही एका महिन्याचं बोलणं एका वाक्यात बोललात आणि तेही चुकीचं," ती म्हणाली. मग बाईंकडे वळली. "दोघं. मला दोघं पाहिजेत. आणि माझे हात कामाचे राहिले पाहिजेत. यातलं काय होतंय ते सांगा."

बाई हसल्या. मला वाटतं त्या याचीच वाट बघत होत्या. म्हणाल्या, एक वाट आहे. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्या टोकाला फुगा. तो त्या फटीत नेऊन क्षणभर फुगवायचा. चिकटलेल्या कडा सुटतात, दार उघडतं, फुगा बाहेर. छाती कापायची नाही, पूर्ण भूल द्यायची नाही. सगळ्यांना हे जमत नाही. काहींची झडप चुन्यानं दगड झालेली असते, काहींची गळत असते, काहींच्या आत रक्ताची गाठ असते. "तुमचे पडदे अजून पातळ आहेत, फक्त कडा चिकटल्यात. तुमच्यासाठी हाच उपाय. धोका आहेच. झडप फाटली तर तातडीनं छाती उघडावी लागेल, आणि मग मी बाळाबद्दल काही बोलू शकणार नाही. निभावलं तरी हे कायमचं नाही. काही वर्षांनी पुन्हा आवळेल, तेव्हा पुन्हा विचार करू."

"काही वर्षं पुष्कळ झाली," वहिनी म्हणाली.

तो फुगा दाखवायला एक तंत्रज्ञ आला. लांबट चेहऱ्याचा, कायम अर्धवट झोपेत असल्यासारखा दिसणारा माणूस. मी मनातल्या मनात त्याचं नाव फुगेवाला ठेवलं. त्यानं पाण्यानं भरलेल्या ट्रेमध्ये एक पिवळसर, बोटभर वस्तू धरली, पिचकारीनं भरली, आणि कुठून थेंब झिरपतो का ते नाक पाण्याला लागेल इतकं वाकून बघत राहिला.

"नवीन आहे ना?" मी सहज विचारलं.

"छे," तो म्हणाला. "बऱ्याच जणांच्या हृदयात जाऊन आलाय. दर वेळी धुतो, तपासतो, निर्जंतुक करतो. जरा शंका आली की फेकतो. प्रत्येकाला नवा म्हटलं तर दहातल्या नऊ जणांना घरीच पाठवावं लागेल."

माझा तोल सुटला. दुसऱ्याच्या हृदयातला उष्टा फुगा माझ्या वहिनीला? आम्ही काय भिकारी आहोत? गरिबाच्या जिवाला मोल नाही का? मी एकदा सुरू झालो की मला ब्रेक नाही. दोन नर्सबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. फुगेवाला शांतपणे ट्रेकडेच बघत होता.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "माझी हिरकणी कुणाची?"

"तुझ्या वडिलांची."

"त्यांच्याकडे त्यांच्या उस्तादाची आली. उष्टी म्हणून मी टाकली का? नवं हत्यार पहिल्याच दिवशी महागाच्या काचेवर कुणी लावतं का हो? आधी चार ठिकाणी चाललेलं हत्यार असलं की मला बरं वाटतं." मग ती फुगेवाल्याकडे वळली. "कुणाकुणाकडे जाऊन आलाय हा?"

त्या माणसाचा चेहरा पहिल्यांदा जागा झाला. नावं सांगता येत नाहीत, म्हणाला, पण एक शिक्षिका होती. विटा वाहणारी एक बाई. नववीतली एक मुलगी, ती आता धावण्याच्या शर्यतीत उतरते. एक ट्रक ड्रायव्हर तर दर वर्षी तपासणीला आला की विचारतो, "माझा फुगा आहे का अजून? बरा आहे ना?"

वहिनी खळखळून हसली, आणि लगेच खोकली. खोकला थांबल्यावर तिनं त्या ट्रेवर वाकून फुग्याकडे नीट पाहिलं. मीही पाहिलं. एवढीशी रबराची पिशवी, आणि ती एका माणसाच्या हृदयातून निघून दुसऱ्याच्या हृदयात जात होती. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही अशा माणसांची दारं तिनं आतून उघडली होती. माझा राग कुठे विरघळला, कळलंच नाही. देवळात गेल्यावर जे वाटायला हवं आणि मला सहसा वाटत नाही, ते मला त्या ट्रेपाशी वाटलं.

ठरल्या दिवशी सकाळी बाईंनी सांगितलं, एका नातेवाइकानं काचेमागून बघायला हरकत नाही. नातेवाइकानं डोळ्यांनी पाहिलं की बाहेर अफवा कमी पिकतात, असा त्यांचा अनुभव. दादानं माझ्याकडे पाहिलं. "तू जा," तो म्हणाला. "तू नीट सांगशील."

आतली खोली आणि मी उभा होतो ती खोली यांच्यामधे एक मोठी काच होती. जाडजूड, किंचित पिवळट, किरण अडवायला शिसं घातलेली. सवय कुठे जाते? मी बोटानं ती वाजवून बघितली आणि आतून मास्क लावलेले तीन चेहरे एकदम माझ्याकडे वळले. त्यानंतर मी हात खिशात ठेवले.

वहिनी टेबलावर जागीच होती. बाळाला किरण लागू नयेत म्हणून तिच्या पोटाभोवती पुढून-मागून शिशाचं जड आवरण गुंडाळलं होतं, आणि बाईंनी ठरवलं होतं की पडद्यावरचं चित्र गरजेपुरतंच, पापणी लवावी तेवढंच पेटवायचं. त्यामुळे मला सगळं तुकड्यांत दिसलं. एक तुकडा: बरगड्यांच्या सावल्यांमधून वर सरकणारी काळी रेघ. अंधार. पुढचा तुकडा: रेघ हृदयात पोचलेली. मग सुईनं हृदयाच्या आतल्या पातळ भिंतीला बारीक भोक पाडायचं होतं, पलीकडच्या कप्प्यात जायला. बाईंचा हात तिथं थांबला. त्यांनी एकदा, दोनदा जागा न्याहाळली. रेघ एकदाच ओढता येते, तशी ती सुई होती. माझ्या शेजारी बसलेल्या पोरसवदा डॉक्टरिणीनंही खुर्चीचा हात घट्ट पकडला होता. बाईंनी सुई पुढे सारली, आणि रेघ पलीकडे गेली.

मग फुगा. तो फुगायला लागला तेव्हा त्याची दोन्ही टोकं भरली, पण मधे कंबर आवळलेलीच राहिली. ती कंबर म्हणजे वहिनीची झडप. लहानपणच्या एका घसादुखीची पकड मी तिथं डोळ्यांनी पाहत होतो. त्या क्षणी फुग्यानं दार पूर्ण अडवलं होतं, आतून रक्त जायला वाटच नव्हती. यंत्राची पिपपिप अडखळली. आत बाईंशेजारी उभ्या फुगेवाल्यानं पिचकारी आणखी दाबली.

आणि कंबर सुटली. फुगा गोल, सरळ, भरलेला. लगेच रिकामा केला, मागे ओढला. या सगळ्याला एक मोठा श्वास घेऊन सोडायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नसेल. पडद्यावरचे आकडे झरझर उतरू लागले. शेजारची डॉक्टरीण एकदम उभी राहिली. "बघा, बघा, झडपेमागचा कोंडलेला दाब कसा उतरतोय!" ती मला म्हणाली, जणू मला त्यातलं काही कळत होतं.

मला कळलं ते नंतरचं. आतल्या माइकमधून वहिनीचा आवाज आला. अडखळत नाही, तुटत नाही, सलग.

"बाई, खिडकी कुणी उघडली का हो?"

त्या खोलीला खिडकीच नव्हती. वहिनीनं पुन्हा श्वास घेतला, खोल, तळापर्यंत, आणि तिच्या चेहऱ्यावर असं नवल पसरलं की मला बघवेना. कित्येक वर्षांत तिला कुणी पोटभर श्वास वाढलाच नव्हता. भूक काय असते हे तिला जेवल्यावर कळलं.

मी बाहेर आलो. दादा व्हरांड्यातल्या बाकावर टोपी हातात घेऊन बसला होता. मला बघून उठला. मी तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडानं मला दगा दिला. डोळे वाहत होते, ओठ हलत होते, आवाज नाही. मी बोलत नाही म्हटल्यावर दुसरा काय अर्थ निघणार? दादाचा चेहरा पांढराफटक पडला, तो सावकाश खाली बसू लागला. मी धावत जाऊन त्याला काखेत धरलं आणि त्याच्या कानात ओरडलो, "मेल्या, जिवंत आहे! दोघंही! श्वास घेतेय!" थोरल्या भावाला मेल्या म्हणायची ती पहिली आणि शेवटची वेळ. त्यानं तिथंच माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. व्हरांड्यातले लोक बघत होते. बघोत.

पुढचे महिने दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, हृदयाच्या गोळ्या, आणि बाईंची सक्त ताकीद की बाळंतपण याच इस्पितळात. बाळंत झाल्यावरचे काही तास सगळ्यात नाजूक, अंगातलं रक्त एकदम हृदयाकडे लोटतं, म्हणून त्या तासांत डोळ्यांत तेल घालून पहारा होता. पण दार उघडं राहिलं. मुलगी झाली. काळीसावळी, डोक्यावर भरगच्च केस, आणि आवाज थेट माझ्यावर गेलेला.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. फक्त वहिनीचा नाही. ती मुलीला घेऊन बसली होती, पण तिच्या तोंडाकडे बघत नव्हती. तळहात मुलीच्या छातीवर ठेवून नुसती बसली होती. दूध पाजताना, मुलगी झोपल्यावर, हात तिथंच. संध्याकाळी हृदयाच्या त्याच मोठ्या डॉक्टरीणबाई बाळंतिणींच्या वॉर्डात आल्या, तिचे आकडे पाहून समाधानानं निघाल्या, तेव्हा वहिनीनं हळूच त्यांची बाही धरली.

"माझं हिच्यात गेलंय का?"

इतके महिने हे ती एकटी सोसत होती. कुणापाशी बोलली नव्हती. बाई खाटेवर टेकल्या. म्हणाल्या, हा आजार आईच्या पोटातून येत नाही, घशातून येतो. घसा दुखला की लगेच हिला घेऊन या, एवढंच सांभाळा. वहिनीनं मान हलवली, पण विश्वास बसला नाही हे दिसत होतं. हात तिथंच होता.

बाईंनी गळ्यातली नळी काढून तिची टोकं वहिनीच्या कानांत घातली, आणि तिचा हात बाजूला करून चकती मुलीच्या छातीवर ठेवली.

वहिनी दचकली. "केवढं पळतंय! घाबरली का?"

"नाही. या वयात सगळ्यांचं असंच पळतं. आता हे ऐका." बाईंनी चकती वहिनीच्याच छातीवर ठेवली.

वहिनीच्या कपाळावर आठी पडली. "मधे काहीतरी गुरगुरतंय. जड सामान ओढल्यासारखं."

"ते तुमचं. थोडं राहिलंय, राहणार. आता पुन्हा हिचं." चकती मुलीच्या छातीवर परत आली. "गुरगुर आहे?"

वहिनीनं डोळे मिटले. वॉर्डात भांडी वाजत होती, कुठलंसं पोर रडत होतं, मी नेमका शिंकलो. तिला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त ते एवढंसं पळणं. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालांवर आलं, हनुवटीवरून मुलीच्या दुपट्यावर पडलं. मग तिनं पहिल्यांदा मुलीच्या तोंडाकडे बघितलं, नीट, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि दादाला म्हणाली, "अहो, काही नाही हो हिच्यात. नुसतं हृदय आहे."

कानातल्या नळ्या काढायला ती तयार होईना. बाईंनी आपला उरलेला वॉर्ड दुसऱ्या डॉक्टरची नळी मागून तपासला.